रासिब

शुक्रवारी दुपारी अवधूत आला, हेल्मेट काखेत.
गाडी त्याने आधीच पसंत केलेली;
मला फक्त कागद वाचायला नेत होता,
लग्न ठरल्यावर पत्रिका दाखवतात तसा.

टायपिंग सेंटरात बावीस वर्षं
लोकांच्या अर्जांमधून मी अरबी शिकलो.
त्या भाषेत मला प्रेम करता येत नाही,
भांडताही येत नाही;
नूतनीकरण, दंड, रद्द, मुदतवाढ
एवढं मात्र अस्खलित येतं.

शारजा, सनाया पाच.
टायरच्या दुकानामागे पत्र्याच्या सावलीत
मोतालेब गाडी पुसत उभा होता.
टाकी पुसून झाली, तरी टाकीच पुसत होता.
दीडशे सीसी. डिलिव्हरीचा डबा काढलेला,
त्याच्या खालचं सीट अजून नवंकोरं,
पुढचं अर्धं बसून बसून चकचकीत.
अवधूतने चाक फिरवलं, चेन ओढून पाहिली,
इंजिनाला कान लावला.
"मस्त आहे, काका!"
मी त्याला चिमटा काढला.
विकणाऱ्यासमोर मालाचं कौतुक करू नये
एवढंही गडहिंग्लजच्या बाजारात शिकला नाहीस?

तपासणी केंद्रातून त्याने काढून आणलेला कागद
मी चष्मा वर करून वाचायला घेतला.

एकोणीस साल. नाजिह, म्हणजे पास. अठरा हजार किलोमीटर.
वीस. नाजिह. एकसष्ट हजार.
एकवीस, ऑगस्ट. रासिब. मागचा ब्रेक.
त्याच दिवशी पुन्हा रासिब. मागचा ब्रेक.
त्याच दिवशी तिसऱ्यांदा,
केंद्र बंद व्हायला दहा मिनिटं असताना,
नाजिह.
कुणीतरी त्या उन्हात
तीनदा रांगेत उभं राहिलं होतं.
त्याचं नाव कागदावर नव्हतं.

रासिब म्हणजे नापास.
तळाशी बसलेल्या गाळालाही अरबीत हाच शब्द.
हे अवधूतला सांगितलं नाही. त्याला घाई होती.

बावीस: ओळच नाही.
तेवीस: नाजिह. एकोणचाळीस हजार.

"किलोमीटर मागे जातात, काका?"

जातात बाबा.
मीच आईला दर फोनवर सांगत आलोय, अजून दोनच वर्षं.
पंधरा वर्षांपूर्वीही दोनच होती.

मोतालेबला मी हिंदीत विचारलं,
आवाज जरा चढवूनच.
तो मीटरकडे बघत राहिला. फडकं हातात तसंच.
मी घेतली तेव्हा एवढंच होतं, म्हणाला,
एकोणचाळीस. मला कुणी वाचून दाखवलं नाही.
कितीला घेतली होतीस?
त्याने सांगितलेला आकडा
आम्हाला सांगितलेल्या किमतीपेक्षा
हजार दिरहमने मोठा होता.

मग तो फुटपाथच्या कडेला बसला
आणि गिऱ्हाइकाच्या बाजूचा झाल्यासारखा
मलाच विचारू लागला,
बावीसमध्ये काय झालं होतं?

आता काय सांगणार.
पडली असेल. कुठल्या तरी इमारतीखाली
वाळू खात उभी असेल.
चालवणारा गावी गेला असेल,
किंवा नुसताच गेला असेल.
कोऱ्या जागेचं टायपिंग मी कधी केलेलं नाही.

कागद मला द्या, म्हणाला.
दिला. वाटलं, फाडणार.
त्याने नीट चार घड्या घातल्या, सीट उचललं
आणि मुल्कियाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवला.
पुढच्या माणसाला दाखवायला
की कुणाला दिसू नये म्हणून,
ते त्याच्या तोंडावरून कळेना.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
पलीकडे कुणीतरी ट्यूब पाण्यात दाबून
बुडबुडे शोधत होता.

मग मोतालेबने उठून, उगीचच, किक मारली.

पहिल्याच किकला सुरू झाली,
आणि अवधूत माझ्याकडे बघायला लागला.